मेंदूचा हिशेब आणि अकरावीचा अर्ज

दहावीचा निकाल लागला की उस्मानपुऱ्यात आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, मोबाईलवर अकरावीचा ऑनलाइन अर्ज उघडलेला आणि तोंडी एकच प्रश्न असतो, "सर, गणित ठेवायचे की काढायचे?" मुलीचे पालक असले तर प्रश्न बहुधा उत्तर सोबत घेऊनच येतो. "हिला डॉक्टर करायचे आहे. नीटमध्ये गणित नसतेच, मग उगाच ओझे कशाला?"

यंदाही अशीच एक आई मुलीला घेऊन आली. बोलणे आईच करत होती. चहा झाला, निघायची वेळ झाली, तेव्हा मुलीने हळूच विचारले, "सर, माझ्या नानीला तिच्या लहानपणीची ईद सगळी आठवते. शेवया कुणी केल्या होत्या, कपडे कोणत्या रंगाचे होते, सगळे सांगते. पण आज फजरची नमाज पढली की नाही, ते तिला आठवत नाही. दोन-दोनदा पढते. असे का होते? आणि हे शिकायचे तर डॉक्टरच व्हावे लागते का?"

आम्ही तिला त्याच वेळी पुरे उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर या लेखात देत आहोत. त्याआधी एक कबुली द्यावी लागेल. काही वर्षांपूर्वी अशाच एका हुशार मुलीला गणित सोडण्याचा सल्ला आम्हीच दिला होता. दोनदा नीट देऊनही तिला मेडिकलची जागा मिळाली नाही. पुढे तिला मेंदूच्या संशोधनाची ओढ लागली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी गणिताची पायरी आडवी आली. चूक तिची नव्हती, आमची होती. मेंदूकडे जाणारा रस्ता दवाखान्यातूनच जातो, असे आम्ही धरून चाललो होतो.

पावसाचे मॉडेल पाऊस पाडत नाही

मराठवाड्यातल्या माणसाला पावसाचा अंदाज काय असतो ते वेगळे सांगायला नको. हवामान खात्याच्या संगणकात ढग नसतात. तिथे वारा, उष्णता, बाष्प यांचे नियम गणिताच्या भाषेत लिहिलेले असतात. आजची स्थिती त्यात घातली की उद्याची स्थिती काढता येते. अंदाज चुकला तर नियमात कुठे उणे राहिले ते शोधायचे आणि नियम सुधारायचा. अशा नियमांच्या मांडणीलाच मॉडेल म्हणतात.

मेंदूचेही असेच मॉडेल करता येते. माणूस लक्षात कसे ठेवतो, विसरतो कसा, अक्षर कसे ओळखतो, दोन गोष्टींतून एक कशी निवडतो, याचे नियम गणितात मांडायचे, संगणकावर चालवायचे आणि निघालेले उत्तर खऱ्या माणसांच्या वागण्याशी किंवा मेंदूतल्या मोजमापांशी ताडून पाहायचे. या शास्त्राला संगणकीय मेंदूविज्ञान म्हणतात.

हे काम डॉक्टरांनी सुरू केले असेही नाही. १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून, चेतापेशीतून विजेचा संदेश कसा धावतो याची समीकरणे मांडली. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद होता. हक्सली यांनी हाताने दांडा फिरवायच्या आकडेमोड-यंत्रावर आठवडेच्या आठवडे हिशेब केला आणि कागदावर निघालेला संदेश खऱ्या चेतातंतूतल्या संदेशाशी जुळला. १९६३ साली दोघांना नोबेल मिळाले. आज तोच हिशेब साध्या लॅपटॉपवर क्षणात होतो.

उस्तादांचा खजूर

हे गणित किती अवघड असते, असे पालक विचारतात. चला, एक हिशेब करून पाहू. याला फक्त बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार लागतो.

समजा, मकतबमध्ये नवे उस्ताद आले. सबक बरोबर सुनावला की ते मुलाला एक खजूर देतात. पहिल्या दिवशी मुलाला काहीच अपेक्षा नाही, म्हणजे अपेक्षा ० आणि मिळाला १ खजूर. मिळालेले वजा अपेक्षा, म्हणजे १. या फरकाला आपण 'नवल' म्हणू. मूल या नवलाचा पाचवा हिस्सा शिकते असे धरा. दुसऱ्या दिवशीची अपेक्षा झाली ०.२०. पुन्हा खजूर मिळाला, तर नवल ०.८० आणि त्याचा पाचवा हिस्सा ०.१६. आता अपेक्षा ०.३६. मग ०.४९, मग ०.५९. अपेक्षा वाढत जाते आणि नवल कमी होत जाते. पाचव्या दिवशी उस्ताद खजूर आणायला विसरले. मिळाले ०, अपेक्षा होती ०.५९. नवल आता उणे झाले, उणे ०.५९. मूल हिरमुसले आणि अपेक्षा खाली आली, ०.४७ वर.

हा खेळ वाटेल, पण हा नियम रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ साली मांडला आणि आजही या विषयाच्या प्रशिक्षणात तो सुरुवातीला शिकवतात. पुढे १९९७ साली वुल्फ्राम शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी दाखवले की माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी जवळपास असाच हिशेब करतात. अवचित फळांचा रस मिळाला की त्या पेशी जोराने चेततात. रस मिळणार हे आधीच कळलेले असले तर तो मिळताना शांत राहतात. ठरलेल्या वेळी रस आला नाही तर नेहमीपेक्षाही मंदावतात. ही उण्याची खूण झाली. कागदावरचे गणित जिवंत पेशीत सापडले, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचे अप्रूप.

त्या 'पाचव्या हिश्श्या'तही बरेच काही दडले आहे. कुणी एकाच अनुभवाने बदलतो, कुणाला दहा अनुभव लागतात. प्रत्येकाच्या वागण्यावरून त्याचा हिस्सा किती ते संगणकाने काढता येते. नैराश्य, व्यसन, पार्किन्सन अशा आजारांत हा हिशेब कुठे बिघडतो, याचा शोध याच वाटेने घेतला जातो.

नानीचे विसरणे, हाफिजजींचा आमुख्ता

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

१९५३ साली अमेरिकेत एका तरुणाचे फेफरे थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया केली गेली. तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. त्यानंतर तो बोलायचा, चालायचा, लहानपणीच्या गोष्टी सांगायचा, पण नवे काही त्याच्या लक्षात राहीना. नुकतेच भेटून गेलेला माणूस परत आला की त्याच्यासाठी तो नवखाच. १९५७ साली विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिलनर यांनी हे प्रसिद्ध केले आणि नवी आठवण टिपून ठेवण्यात या भागाचा वाटा किती मोठा आहे ते जगाला कळले. अल्झायमरच्या आजाराचा घाला सुरुवातीला याच भागावर आणि त्याच्या शेजारी पडतो. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीची ईद शाबूत राहते आणि आजची फजर निसटते. (नानीला नेमके काय झाले आहे ते मात्र डॉक्टरांनीच तपासून सांगायचे. विसरण्याची कारणे अनेक असतात आणि काहींवर इलाजही असतो.)

पण मेंदूने दोन वेगळी कोठारे ठेवलीच कशाला? या प्रश्नाला मॉडेलने फार सुरेख उत्तर दिले. १९८९ साली मायकेल मॅक्लॉस्की आणि नील कोहेन यांनी चेतापेशींच्या जाळ्याची नक्कल करणाऱ्या संगणकाला आधी एकची बेरीज शिकवली. ती पक्की झाल्यावर फक्त दोनची बेरीज शिकवली. संगणक दोनची शिकला आणि एकची साफ विसरला. नव्याने जुने पुसून टाकले.

१९९५ साली जेम्स मॅक्लेलँड, ब्रूस मॅकनॉटन आणि रँडल ओरायली यांनी यावरून विचार मांडला. मेंदूत एक भाग झटपट टिपणारा, तो हिप्पोकॅम्पस. दुसरा सावकाश मुरवणारा, तो मेंदूचा बाहेरचा थर. झटपट टिपलेले हळूहळू, जुन्याच्या सोबत, पुन्हा पुन्हा फिरवून मुरवले तर नवेही बसते आणि जुनेही टिकते.

हे वाचताना आम्हाला हिफ्जचा वर्ग आठवला. मूल रोज फक्त नवा सबक घेत नाही. सबकसोबत जवळचा पारा सुनावते आणि त्यासोबत आमुख्ता, म्हणजे मागचे सगळे फेऱ्याफेऱ्याने. आमुख्ता सुटला की हिफ्ज सुटला, हे प्रत्येक उस्ताद सांगतो. त्यांना हे संगणकाने शिकवले नाही. शेकडो वर्षे मुलांसमोर बसून त्यांनी ते ओळखले. पण कोणत्या मुलाला किती दिवसांनी कोणता पारा पुन्हा द्यावा, हे मोजून पाहायचे कुणी ठरवले तर तो आजच्या मेंदूविज्ञानाचा अस्सल प्रश्न होईल. आणि त्याची वही आपल्या मकतबांत रोज भरली जाते.

असाच दुसरा प्रश्न वाचनाचा. आमच्या वर्गातले मूल सकाळी अरबी वाचते, मग उर्दू, मग मराठी आणि इंग्रजी. दोन लिप्या उजवीकडून डावीकडे, दोन डावीकडून उजवीकडे. मराठीत काना-मात्रा छापलेल्या असतात, उर्दूत जेर-जबर बहुधा छापत नाहीत, ते मनाने लावायचे असतात. हिंदी आणि उर्दू दोन्ही वाचणाऱ्यांवर चैत्रा राव, ज्योत्स्ना वैद यांच्यासारख्या संशोधकांनी अभ्यास केले आहेत आणि नागरीतले शब्द उर्दू लिपीतल्या शब्दांपेक्षा लवकर वाचले जातात असे त्यांना आढळले. पण चार-चार लिप्यांमध्ये वावरणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलाच्या मेंदूचे मॉडेल कोण करणार? ज्याने स्वतः असे वाचले आहे, त्याला हा प्रश्न आधी सुचेल.

रूहचे काय?

एका बुजुर्गांनी आम्हाला विचारले, "मेंदू संगणकात घातला तर रूहचे काय राहिले?" शंका प्रामाणिक होती. आम्ही म्हणालो, चाचा, शहराचा नकाशा म्हणजे शहर नव्हे. नकाशावर पाणचक्की दाखवता येते, तिथला गारवा दाखवता येत नाही. मॉडेल म्हणजे नकाशा. तो मेंदूच्या कामकाजाविषयी बोलतो. रूहबद्दल बोलणे त्याच्या कक्षेतच नाही.

आपले पूर्वज या शोधाला घाबरले नव्हते. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी खयाल आणि हाफिजा यांच्या जागा मेंदूत कुठे असाव्यात याचा विचार केला. इब्न अल-हैसम यांनी प्रयोग करून दाखवले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो आणि पाहण्यात निवाडा व अनुमानही असते. अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ज्याच्यावर आजचा प्रत्येक संगणक चालतो. जलशांत ही नावे घेऊन छाती फुगवणे सोपे आहे. पण ज्यांच्या नावाने गणिताची पद्धत ओळखली जाते, त्यांचे नाव घ्यायचे आणि घरी आल्यावर मुलीच्या अर्जातून गणितच काढायचे, हे काही बरे नाही.

प्रशिक्षण कुठे, कसे?

आता व्यवहाराचे बोलू.

पहिली गोष्ट अकरावीची. महाराष्ट्र बोर्डात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय एकत्र घेता येतात. नीट द्यायची असेल तरी गणित ठेवून देता येते. सारणी, विकलन, अवकल समीकरणे, संभाव्यता असे मेंदूच्या मॉडेलला लागणारे मूळ गणित अकरावी-बारावीच्या पुस्तकांतच आहे. नीटला दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले बसतात आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. बाकीच्या मुलांसाठी दुसरा दरवाजा उघडा ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट संस्थांची. पुण्यात पाषाणला २००६ पासून आयसर ही केंद्र सरकारची संस्था आहे. बारावीनंतर पाच वर्षांत तिथे बीएस-एमएस ही पदवी मिळते. प्रवेशपरीक्षेत जीव, रसायन, गणित, भौतिक या चार विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. चौथा हिस्सा गणिताचा, हे लक्षात घ्यावे. याच आयसरमध्ये डॉ. सुहिता नाडकर्णी हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशींमधल्या सांध्यांचे, तिथे कॅल्शियमची ये-जा कशी होते याचे संगणकी मॉडेल करतात. त्यांचे शिक्षण भौतिकशास्त्रातले. डॉ. कॉलिन्स असिसी कीटकांचा मेंदू वास कसा ओळखतो याची मॉडेल करतात. मेंदूवर काम करायला दोघांनाही स्टेथोस्कोप लागला नाही.

पुढच्या शिक्षणासाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि भारतीय विज्ञान संस्था, हैदराबाद विद्यापीठ व आयआयआयटी, अलाहाबाद विद्यापीठाचे बोधविज्ञान केंद्र, आयआयटी गांधीनगर अशी ठिकाणे आहेत. बंगळुरूच्या केंद्रात स्मृतीच्या संगणकीय अभ्यासाचे 'कॅम्प' नावाचे खास प्रशिक्षण भरत आले आहे. इंजिनियरिंगचा रस्ताही याच गावाला जातो. आमच्याच उस्मानपुऱ्यात स्टेशन रोडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. त्याच्या भिंतीला लागून वाढलेल्या किती मुलींना तिथे शिकून मेंदूच्या संशोधनात जाता येते हे ठाऊक आहे?

तिसरी गोष्ट घरबसल्या शिकण्याची. कोरोनाच्या काळात, २०२० साली, जगभरच्या संशोधकांनी 'न्यूरोमॅच अकॅडमी' नावाची तीन आठवड्यांची ऑनलाइन शाळा सुरू केली. पहिल्याच वर्षी दीड हजारांहून अधिक विद्यार्थी तिथे शिकले. लहान लहान गट, प्रत्येक गटाला एक शिकवणारा, आधी पाठ, मग पायथन भाषेत स्वतः गणित चालवणे आणि सोबत गटाचा एक प्रकल्प. पहिल्या दिवशी तिथे तीन प्रश्न शिकवतात. मेंदूत काय घडते, कसे घडते आणि का घडते, यांपैकी आपले मॉडेल कशाचे उत्तर देते? विषय कोणताही असो, हा धडा शिक्षक म्हणून आम्हालाही उपयोगी पडला. या शाळेचे सगळे पाठ फुकट खुले आहेत आणि संगणकाचे जड काम इंटरनेटवरच होत असल्याने महागडा लॅपटॉप लागत नाही. मात्र हे पदवीच्या पातळीचे आहे. आधी गणित आणि पायथन यांची तयारी हवी, इंग्रजीही हवी. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला ती पायरी चढावी लागेल, पण सहा महिने रोज तासभर दिला तर चढता येते.

चौथी गोष्ट पैशांची. घरात हीच आधी विचारली जाते. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या, बोर्डात वरचे गुण मिळवलेल्या मुलांना केंद्राची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजार रुपयांची आहे. देशाच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. त्यात विद्यार्थ्याला नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम मिळते आणि शिक्षकांनाही अर्ज करता येतो. पीएचडी करताना नेट-जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे संशोधक मुलगी घरावर ओझे नसते, ती कमावती असते. अल्पसंख्याकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ च्या डिसेंबरात बंद झाली. त्याची खंत आहे आणि ती मांडत राहिली पाहिजे. पण एक दार बंद झाले म्हणून उरलेली दारे ठोठवायचीच नाहीत, हे आपल्या मुलांना परवडणारे नाही.

पाचवी गोष्ट मनाची. "मुलगी पुण्याला, बंगळुरूला एकटी कशी राहील?" काळजी खोटी नाही. तिला होस्टेल दाखवायला सोबत जा, तिथे आधीच शिकणाऱ्या मुलींशी बोला, नमाज आणि जेवणाची सोय डोळ्यांनी पाहा. कोचिंगसाठी आपण मुलींना लातूरला, कोट्याला पाठवतोच. मग संशोधनासाठी पाठवताना पाय का अडखळावा?

अर्जावरची एक खूण

दोन दिवसांनी ती आई पुन्हा आली. आम्ही तिला खजुराचा हिशेब करून दाखवला. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, पण तिसऱ्या ओळीला तिनेच पुढचा आकडा सांगितला. मग हसून म्हणाली, "सर, हे तर मलाही जमते. मग हिला का नाही जमणार?"

मुलीने मोबाईल पुढे केला. चारही विषयांवर खूण करून अर्ज भरला. डॉक्टर व्हायचे दार उघडे राहिले आणि दुसरेही उघडे राहिले. पुढे ती कुठे जाईल ते अल्लाह जाणे. सध्या तिने एवढेच ठरवले आहे की नानीसाठी जानमाजजवळ एक पाटी ठेवायची. नमाज झाली की त्यावर खडूने रेघ मारायची. नानी आता दोनदा पढत नाही, रेघ पाहून समाधानाने तसबीह घेऊन बसते. मुलगी मात्र वहीत लिहून ठेवते, नानीला आज काय आठवले आणि काय नाही. कुणी न सांगता तिने नोंद घेणे सुरू केले आहे. संशोधनाचा पहिला धडा हाच असतो.

पहिली वहीच वाचण्याच्या हुकमाने सुरू झाली, अशी आपली उम्मत आहे. वाचकहो, तुमच्या घरी यंदा दहावी-बारावीचे मूल असेल तर अर्जावरून एक विषय कमी करण्याआधी त्याला एकदा विचारा, तुला कोणता प्रश्न पडतो? अल्लाह आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो आणि घरातल्या बुजुर्गांना सेहत देवो. आमीन.